रात्रपाळीची भाषा

टोरांटोतील चिनी कुटुंबाने वृद्ध आईसाठी निवास निवडताना ‘येथे चिनी बोलतात’ एवढ्यावर विसंबू नये. आई कँटनीज बोलणारी आणि परिचारिका मँडरिनच जाणणारी, तर संवाद कसा व्हावयाचा? स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली इंग्रजी पुष्कळदा आधी लोपते. दिवसा दुभाषी मिळेलही. मध्यरात्री छातीत कळ आली, तर ती कोणाला सांगावी? म्हणून रात्रपाळीला कोण असते, हे प्रथम विचारावे. तांदळाची ऊन पेज, प्यावयास गरम पाणी, चार क्रमांकाची खोली टाळणे (‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचे उच्चार तेथे जवळजवळ सारखेच!) हे नंतरचे. स्कारबरो भागात १९९४ साली उघडलेले यी हाँग केंद्र अशाच गरजेतून उभे राहिले. परंतु तेथे प्रवेशासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. तोवर अन्यत्र राहणे भाग पडल्यास ‘दुखते’, ‘तहान लागली’, ‘भीती वाटते’ असे आईच्या बोलीतील शब्द उच्चारासह लिहून परिचारिकेच्या हाती द्यावेत.