देहाची ऊब आणि चुलीची धग



स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सतत सुमारे 100 वॅट इतकी उष्णता बाहेर पडत असते. जुन्या पद्धतीचा शंभराचा दिवा जेवढी वीज खात असे, तेवढी ही ऊर्जा. दोनशे श्रोत्यांची सभा म्हणजे वीस हजार वॅट! हा हिशेब ऐकला की साहजिकच मनात येते, वीज गेल्यावर निदान खिशातला मोबाईल तरी या उष्णतेवर का भरू नये?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवावी. दुरून नळांवाटे आणलेले पाणी तेथे उंचावरून पडते, म्हणून चक्की फिरते. तेच पाणी हौदात साठून राहिले, तर कितीही असले तरी जाते फिरवणार नाही. उष्णतेचेही तसेच आहे. एक बाजू तप्त आणि दुसरी थंड असेल, तरच तिच्याकडून काम करून घेता येते. 1821 साली थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने दोन भिन्न धातूंची टोके जोडली, एक जोड तापवला आणि जवळची चुंबकसूची हललेली पाहिली. ही चुंबकत्वाची करामत असावी, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात तारेतून वीज वाहत होती. आज धातूंच्या जागी बिस्मथ टेल्युराइडसारखी संयुगे वापरतात, तत्त्व मात्र तेच.

आता देहाकडे वळू. त्वचेचे तापमान साधारण 34 अंश आणि खोलीतील हवा 24 अंश असेल, तर अंतर अवघे दहा अंशांचे. एवढ्या अंतरावर आदर्श यंत्रालाही उष्णतेच्या तीन-साडेतीन टक्क्यांहून अधिक भाग विजेत बदलता येत नाही. हा निसर्गाचा नियमच आहे. त्यातही बरेचसे अंतर त्वचेलगतच्या हवेतच खर्ची पडते. हाती येते ती वीज दर चौरस सेंटीमीटरला वीस-तीस मायक्रोवॅट, म्हणजे वॅटच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागणारी. मोबाईल भरण्यास पाच वॅट लागतात असे धरले, तर सुमारे वीस चौरस मीटर त्वचा हवी. माणसाकडे ती जेमतेम दोन चौरस मीटर असते! अर्थात मनगटी घड्याळाला मायक्रोवॅटही पुरतात. जपानच्या सेइको कंपनीने 1998 साली ‘थर्मिक’ नावाचे असे घड्याळ बाजारात आणले होते. ते चालत असे, यात शंका नाही.

पण ते थंड हवेच्या देशातले घड्याळ. हसनाबादच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हवा त्वचेहून अधिक तापलेली असते. उष्णता देहातून बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते आणि वीज उलट्या दिशेने वाहू पाहते. सकाळी हवा चौतिसाच्या आसपास पोहोचते, त्या वेळी तर ती जवळपास शून्यच. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे शेतावर जाणाऱ्याच्या मनगटावर हेच यंत्र उत्तम चालेल, हेही खरे. तेव्हा ‘अंगाच्या उबेवर मोबाईल’ अशी जाहिरात कोणी घेऊन आला, तर त्याला चैत्र-वैशाखात पुन्हा यायला सांगावे.

मग हे तंत्र निरुपयोगी समजायचे काय? तसे नव्हे. 1977 साली अवकाशात झेपावलेली व्हॉयेजर याने किरणोत्सारी प्लुटोनियमच्या उष्णतेपासून याच मार्गाने वीज मिळवत चार दशकांहून अधिक काळ पृथ्वीशी बोलत राहिली. सोव्हिएत रशियात 1950च्या दशकात रॉकेलच्या दिव्याच्या काचेवर अशा जोडांचे कडे बसवून त्यावर खेड्यांतील रेडिओ चालवले जात. तीन वॅटची ती वीज. ज्या गावात तारा पोहोचल्या नव्हत्या, तेथे तिचे मोल मोठे होते. जालन्यातील सळ्यांच्या कारखान्यांत लालबुंद पोलाद थंड होताना जी धग वाया जाते, तिच्यावर तापमापकासारखी लहान उपकरणे बॅटरीविना चालवणे याच तंत्राने शक्य आहे.

आपल्या घरात मात्र अंतराचा खरा धबधबा आहे तो चुलीत. उज्ज्वला योजना 2016 साली आली, गॅस घरोघर पोहोचला. तरीही सिलिंडरचा खर्च वाचवण्यासाठी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळणारी घरे पुष्कळ आहेत. घरगुती धुरामुळे होणाऱ्या विकारांनी जगात 2020 साली सुमारे 32 लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधन. त्याला योग्य जागी हवा मिळाली, तर तो ज्वाळेतच जळून जातो. त्यासाठी लहानसा पंखा पुरतो आणि त्या पंख्याला एक-दोन वॅट. चुलीच्या भिंतीत बसवलेला जोड तेवढी वीज देऊ शकतो. पंख्याचीच हवा त्या जोडाची दुसरी बाजू थंड ठेवते आणि पुढे जाळात शिरते. अमेरिकेतील बायोलाइट कंपनीच्या चुलीत हीच रचना आहे. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींसाठी मोठे काम केले. तो अनुभव येथे उपयोगी पडावा.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. चूल पेटवताना धूर सर्वांत जास्त असतो आणि नेमका तेव्हाच जोड थंड असल्याने पंखा फिरत नाही. म्हणून जोडीला लहान बॅटरी ठेवावी लागते. ज्वाळेची धग थेट लागली, तर जोड निकामी होतो. काजळीने पाती भरतात आणि बिघाड झाला, तर तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी, भोकरदनलाही सहज मिळायचा नाही. केवळ दिवा किंवा मोबाईल हवा असेल, तर सौर पत्राच स्वस्त पडतो. पऱ्हाटी झपाट्याने भडकते, गोवरी तासभर धुमसते. प्रयोगशाळेतील कोरड्या लाकडाच्या चकत्यांवर उत्तीर्ण झालेली चूल या दोहोंवर कशी वागेल, हे तिच्यापुढे दोन्ही वेळ बसणाऱ्या गृहिणीच्या हातूनच तपासून घ्यावे लागेल.