मुक्या जिवाची अखेर आणि कायदा
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, बालसंगोपन, अल्पबचत, आरोग्य अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. आजचा विषय फळ्यावर वाचून काहींना वाटले असेल की, बायकांच्या सभेत हे अभद्र बोलणे कशाला? परंतु ज्या गोष्टीवरून गेले दोन महिने जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी आपण एकमेकींशी तणतणतो आहोत, ती सभेत शांतपणे बोललेली बरी, असे मला वाटते.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आपल्या गल्लीतला मोत्या ट्रकखाली सापडला. मुलांनी त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात पोचवले. तिथे आठ दिवस औषधपाणी झाले. परंतु पाठीचा कणाच तुटलेला होता. मागचा भाग लुळा पडला, मलमूत्राचा ताबा गेला, जखमेत किडे झाले. नवव्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिले. त्यावर आपल्यात दोन तट पडले. एका काकूंचे म्हणणे, "अहो, आपण दर महिन्याला जुन्या चादरी आणि पोळ्या पाठवतो त्या जीव जगवायला. मारायचेच असेल तर मदत बंद करा." दुसऱ्या एका वहिनी म्हणाल्या, "मोत्याला दिले तेच इंजेक्शन त्या कोपऱ्यावरच्या चावऱ्या कुत्रीला का देत नाहीत? एकदाचा त्रास संपेल."

दोघींचीही तळमळ खरी आहे. एकीला जिवाची दया आहे, दुसरीला पोराबाळांची काळजी आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या देशाच्या कायद्यात आहेत. कायद्याची भाषा किचकट असते. मी ती आपल्या घरगुती भाषेत सांगण्याचा प्रयत्न करते.

हा वाद काही आपल्याच गल्लीत उपटला असे नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी चिडून उठली आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि इतर धनिकांनी मुंबईचा पांजरपोळ काढला. पुढे १८८३ साली परळला जनावरांचे मोठे इस्पितळ उभे राहिले. म्हणजे मुक्या जनावराला आसरा द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. परंतु आसरा दिल्यावर पुढे एक अवघड प्रश्न येतो. जे जनावर बरे होणार नाही आणि क्षणोक्षणी तडफडते आहे, त्याचे काय करावे?

हा प्रश्न गांधीजींच्या आश्रमातही आला होता. १९२८ साली साबरमतीला एक वासरू असाध्य दुखण्याने पडले. त्याला कूस बदलवेना. उपाय चालेना, असे झाल्यावर गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून, स्वतः जवळ राहून, इंजेक्शनने त्याची सुटका करविली. देशभर गहजब झाला, त्यांच्यावर रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' या पत्रांतून उत्तर दिले. त्या लेखात त्यांनी वासराबरोबर शेतात नासधूस करणाऱ्या माकडांचाही विचार केला आहे. वासराला मरण दिले ते वासराच्याच भल्यासाठी, त्यात मारणाऱ्याचा लाभ काही नव्हता. माकडांना मारले तर ते आपले पीक वाचावे म्हणून, तेव्हा ती हिंसाच, असा भेद त्यांनी केला.

भगिनींनो, मरण कोणासाठी दिले जाते, जनावराच्या सुटकेसाठी की आपल्या सोयीसाठी, हा तो भेद आहे. तेवढा ध्यानात ठेवला म्हणजे निवाऱ्यासाठी केलेले नियम समजायला सोपे जातात.

स्वातंत्र्यानंतर श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल या थोर नृत्यांगनेने राज्यसभेत प्राण्यांच्या छळाचा प्रश्न लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले व त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. एका स्त्रीने हे काम तडीस नेले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

या कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराला विनाकारण क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा ठरविला आहे. मोकाट कुत्र्याच्या काळजात कुचल्याच्या विषाची सुई टोचणे, याचा तर त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कुचल्याच्या विषाने जनावर मरते ते शेवटपर्यंत शुद्धीवर राहून, आचके देत. पूर्वी गावोगाव विषाचे लाडू टाकून कुत्री मारीत. आजही कुणी चोरून तसे केले तर तो गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा लुळेपांगळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याच अकराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती घरी जनावर पाळणाऱ्यांनी ऐकावी. आपले आजारी किंवा पांगळे जनावर रस्त्यावर मरायला सोडून देणे हाही गुन्हा आहे. "मारले नाही, फक्त सोडून दिले," ही सबब चालत नाही.

मग तडफडणाऱ्या जनावराला कायदा तसेच ठेवायला सांगतो का? नाही. तेरावे कलम त्यासाठीच आहे. समजा, एखादा बैल किंवा घोडा रस्त्यात असा जखमी होऊन पडला आहे की, त्याला हलविणेही क्रूरपणाचे होईल. मालक जागेवर नाही, किंवा आहे पण संमती देत नाही. अशा वेळी शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा पोलीस अधिकारी त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावतो. जनावर जगविणे क्रूरपणाचे आहे, असा दाखला पशुवैद्याने द्यावा लागतो, आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन मगच त्याला मरण देता येते. एकट्याच्या मनावर ही गोष्ट सोडलेली नाही.

आता निवाऱ्यातल्या कुत्र्यांकडे येऊ. त्यांच्यासाठी २००१ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांच्या जागी १० मार्च २०२३ रोजी नवे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. मोत्यासारख्या रस्त्यावरच्या कुत्र्याला मरण केव्हा देता येते, ते त्यांत सांगितले आहे. रोग असाध्य असला पाहिजे किंवा जखम प्राणघातक असली पाहिजे. म्हातारे आहे, दिसायला ओंगळ आहे, भुंकते फार, कोणी घरी नेत नाही, निवाऱ्यात जागा उरली नाही, यांतले एकही कारण नियमांत नाही. परदेशी कित्येक ठिकाणी निवाऱ्यात जागा नाही म्हणून धडधाकट जनावरांनाही मरण देतात. आपल्या नियमांना ते मान्य नाही.

बरे, रोग असाध्य हे ठरविणार कोण? तेही एकट्याचे काम नव्हे. स्थानिक देखरेख समितीने नेमलेले तिघांचे पथक ते ठरविते. त्यात त्या भागाचे पशुवैद्यकीय अधिकारी, केंद्राचा प्रमुख आणि प्राणिकल्याण मंडळाचा प्रतिनिधी असतो. मरण देण्याचे कारण आधी कागदावर लिहायचे, त्याखाली सह्या करायच्या आणि मग पुढचे काम. आपण भिशीचे पैसेसुद्धा दोघींच्या सहीवाचून काढीत नाही. इथे तर जिवाचा प्रश्न आहे!

आता प्रत्यक्ष रीत. ऐकायला जड वाटेल, तथापि जे माहीत नसते त्याचीच भीती अधिक वाटते. पेंटोबार्बिटल नावाचे औषध शिरेतून देतात. हे मुळात गुंगीचे औषध. त्याची मोठी मात्रा दिली की, काही क्षणांत शुद्ध हरपते, नंतर श्वास थांबतो आणि मग हृदय. म्हणजे वेदना कळणारी जाणीव आधी विझते आणि प्राण मागाहून जातो. कुचल्याच्या विषात आणि यात हाच जमीन-अस्मानाचा फरक आहे. औषध शिकलेल्या पशुवैद्यानेच द्यायचे. कंपाउंडरने नव्हे की हौशी कार्यकर्त्याने नव्हे. हे काम ठरावीक वेळेतच करायचे आणि दुसऱ्या कुत्र्यादेखत कधीही करायचे नाही. प्राण खरोखर गेला, याची खात्री केल्याखेरीज देह हलवायचा नाही. खात्री म्हणजे हृदयाचे ठोके नाहीत, श्वास नाही, बुबुळाला स्पर्श केला तरी पापणी हलत नाही. याला जोडून एक सूचना मी करीन. ते औषध मृत देहात राहते. तो देह उकिरड्यावर टाकला आणि घारीने, गिधाडाने किंवा दुसऱ्या कुत्र्याने खाल्ला, तर त्याचाही जीव जाऊ शकतो. म्हणून देह खोल पुरावा किंवा जाळावा.

आता वहिनींचा प्रश्न, चावऱ्या कुत्रीचा. चावते एवढ्या कारणावरून २०२३ च्या नियमांप्रमाणे दयामरण देता येत नाही. तक्रार आली की तिला पकडून तज्ज्ञांकडून तपासायचे. पिसाळल्याचा दाट संशय असेल तर वेगळे कोंडून ठेवायचे. पिसाळलेले कुत्रे साधारण दहा दिवसांत आपोआप मरते. "मग तिथे का नाही हो दया?" असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, संशयावरून आधीच मारत गेले तर खरोखर किती कुत्री पिसाळली होती, ते कळत नाही आणि रोगाचा बंदोबस्त चुकतो. पिसाळलेली नसेल, तर उपचार करायचे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, पिसाळलेले किंवा आक्रमक कुत्रे परत रस्त्यावर सोडू नये, असे सांगितले होते. तेव्हा वहिनींची भीती कायद्याने झटकून टाकलेली नाही. तक्रार लेखी करावी, नगरपालिकेच्या मागे लागावे, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण होते की नाही ते पाहावे. आणि कुणाला कुत्रे चावलेच, तर हळद-चुना लावीत न बसता जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

काकूंनाही माझे हात जोडून सांगणे आहे. दया दोन वाटांनी चुकते. एका वाटेने माणूस आपल्या सोयीला दया म्हणतो आणि बऱ्या होणाऱ्या जिवाला मारून मोकळा होतो. दुसऱ्या वाटेने तो आपल्या हाताला पाप लागू नये म्हणून मुक्या जिवाला किड्यांच्या तोंडी ठेवतो आणि त्यालाही दयाच म्हणतो. दुसऱ्या वाटेने सोवळे आपले राहते, पण यातना त्या जनावराला भोगाव्या लागतात. मोत्याच्या बाबतीत आठ दिवस प्रयत्न झाले, हे विसरून चालणार नाही.

परंतु नुसता विश्वास ठेवून गप्प बसा, असेही मी म्हणत नाही. आपण मदत करतो, तेव्हा विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, आपल्यापैकी दोघींनी दर तीन महिन्यांनी निवाऱ्यात जाऊन, तिथल्या व्यवस्थापकांना विनंती करून नोंदवही पाहावी. दयामरणाचे कारण लिहिलेले आहे का, तिघांच्या सह्या आहेत का, ते काम वेगळ्या खोलीत होते का, एवढे पाहिले तरी पुरे. मोत्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, हेही त्या वेळी विचारावे. कागद नीट असेल तर मनातली अढी जाईल. नसेल तर मंडळातर्फे लेखी विचारणा करता येईल.

दुसरी सूचना. जखमी जनावर दिसले तर कोणी काय करायचे, ते प्रत्येक जिन्यात लिहून लावावे. वेदनेत गरीब कुत्रेही चावते, म्हणून आधी तोंडाला सैलसर फडके बांधावे. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र बांधू नये. कंबर वाकू न देता त्याला फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर घ्यावे. बळेच पाणी पाजू नये. सावलीत ठेवून निवाऱ्याला कळवावे. गाई-बैलांसाठी सरकारचे फिरते पशुवैद्यकीय पथक १९६२ या क्रमांकावर मिळते. पहिल्या तासात मदत मिळाली तर कित्येक जिवांवर शेवटच्या इंजेक्शनची पाळीच येत नाही.

तिसरी सूचना चादरींची. त्या बंद करू नयेत, असे माझे मत आहे. निवाऱ्यात जागा, औषध, अंथरूण कमी पडले म्हणजे बरी होणारी जनावरेसुद्धा असाध्य होऊन बसतात. आपण मदत थांबवली तर तिथले मरण कमी होणार नाही, उलट वाढेल. ज्याची अखेर अटळ आहे, त्यालाही ओल्या फरशीपेक्षा कोरडी चादर मिळावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.

माझे म्हणणे सर्वांना पटेलच असे नाही, आणि पटलेच पाहिजे असा आग्रहही नाही. काकूंनी आणि वहिनींनी आपापले म्हणणे मोकळेपणाने मांडावे आणि निर्णय सभेने घ्यावा.