वात आणि वाट

फादर स्टीफन्स यांचे नाव आपण मुलांना सांगतो ते 'ख्रिस्तपुराणा'साठी. १६१६ साली राचोलला छापलेला ग्रंथ, ओव्या सुमारे अकरा हजार. मुले हे पाठ करतात नि विसरतात. मला वाटते, सुरुवात ग्रंथापासून करूच नये. १५७९ साली हे इंग्रज पाद्री गोव्यात उतरले, तिथून करावी. इंग्रजीत आपल्यासारखे 'त' आणि 'ट' वेगळे नाहीत. 'ळ' तर नाहीच.

वर्गात एका मुलाला पाद्री करा. त्याला म्हणायचे आहे 'वाट दाखवा', तोंडातून निघते 'वात दाखवा'. दुसऱ्याने वात आणून द्यावी. वर्ग हसेल, हसू द्या. मग विचारा, चाळीस वर्षे राहिलेल्या या पाद्रीबाबांना सुधारले कुणी असेल? त्या गुरूंची नावे आपण कुठे सांगतो?

ते शिकले धर्मप्रसारासाठी. त्यांच्या आधीच पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळे पाडली होती, आणि पुढे १६८४ साली कोकणीवर बंदीचा हुकूम काढला. मोठ्या मुलांपासून हे लपवू नये.

सीमेकडच्या एका शाळेत हा खेळ मी पाहिला. घरी कानडी बोलणारा एक मुलगा पाद्री व्हायला तयार होईना. म्हणाला, "माझं तर रोजच चुकतं, गुरुजी." गुरुजी जरा थबकले. मग म्हणाले, "बरं, झाडाच्या पानाला तुमच्यात काय म्हणतात रे?"

"एले."

कानडीतला तो ऱ्हस्व 'ए' मराठीत नाही. गुरुजींचा 'ए' दर वेळी लांबे, आणि मुलगा मान हलवून म्हणे, "तसं नाही, गुरुजी. पुन्हा म्हणा."