बंधारा, विद्या आणि भाकरी
(कोल्हापूर येथे शेतकरी व कारागीर बांधवांपुढे केलेले भाषण)



जगातील भूक कशी हटेल, याचा खल मोठमोठे पंडित करतात. आम्ही आपल्या नदीवरून चार शब्द बोलणार आहोत.

भूक नुसत्या धान्याच्या तुटीने येत नाही. १९४३ साली बंगाल्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली. व्यापाऱ्यांच्या वखारींत तांदूळ होता. पण मजूर, कोळी व कारागीर यांच्या ऐपतीबाहेर त्याचा भाव गेला होता. म्हणून नवे बी, नवे अवजार निघाले एवढ्याने भागत नाही. ते कोणाच्या हाती पडते, हे पाहावे लागते.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवा आणि शेतकऱ्याच्या मुलांस विद्या द्या, असे त्यांनी एकाच ग्रंथात सांगितले. शाहू महाराजांनी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पण दुकानाने एक साल निभते, पाण्याने पिढ्या निभतात. पुढे महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण आरंभिले. १९२२ साली ते निवर्तले तेव्हा काम अपुरे होते. स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले.

नदीचे पाणी अडविण्याची जी युक्ती येथे रुजली, तिला उभा महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालावे, पाणी तुंबते. पावसाळ्यापूर्वी काढावे, पूर व गाळ वाहून जातो. गवंड्याचा खांब, सुतार-लोहाराचा बरगा आणि शेतकऱ्याने साधलेली वेळ, तिन्ही जुळली तरच पाणी.

पण बांधवहो, ज्याची मोटार मोठी त्याचा ऊस हिरवा, आणि ज्याचे अर्धा एकर माळावर त्याची ज्वारी ढगाच्या भरवशावर, हा कोणता न्याय? ऊस पैका देतो, हे खरे. पण ताटात भाकरी ज्वारी-नाचणीचीच पडते. पाणी थोड्यांच्या सरीत राहिले, तर नवी युक्ती म्हणजे जुनीच मिरासदारी.

म्हणून आमचे सांगणे असे. गावात पाणीपुरवठ्याची सहकारी संस्था असेल, तर तिच्या सभेस जा, हिशेब मागा, पाण्याची पाळी लिहून घ्या. लेकीस शाळेतून काढू नका; बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर व माती तपासणीचा कागद तिला वाचता आला पाहिजे. ज्यास हिशेब वाचता येत नाही, त्याच्या वाट्याचे पाणी दुसराच पितो.