सावली उजेडात आली तेव्हा

आज पिंपळनेरहून, घराच्या गच्चीवरून बोलतोय. मधे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय आहे 'शॅडो फाइट'. दुसरा भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. 'नेक्की' कंपनीनं तो 2014 मध्ये मोबाईलवर आणला. काळ्या सावल्या, मागे रंगीत देखावा, बस. पण लाथ अशी बसायची की आपल्याच बरगडीत कळ यावी! शिवाय नेट बंद असलं तरी कथेतल्या लढती चालायच्या.

घरात फोन एकच, पप्पांचा. गेममध्ये एनर्जी पाच. एक लढत, एक एनर्जी खलास. मग तीन दादाच्या, दोन माझ्या. का? तर तो मोठा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो बुचरपाशी अडकला होता. बुचर पाय आपटायचा, जमीन हादरायची, त्या क्षणी उडी मारली नाही तर आपण आडवे. दादाच्या हातात फोन आणि मी कानाशी ओरडतोय, "उडी! अरे उडी मार!" एनर्जी संपली की दोघं मिळून गेमला शिव्या. परत भरेपर्यंत ओट्यावर बसून पुढच्या लढतीचं प्लॅनिंग.

नोव्हेंबर 2017 मध्ये तिसरा भाग आला. दादा तोवर सुरतला कामाला लागला होता. सुट्टीत आला, तेव्हा दोघांकडे आपापला फोन. गेम उघडला आणि दादा ओरडला, "अरे, हाऊ तं उजेडमा उना!"

खरंच आला होता. माणसांना चेहरे, कपडे, चिलखतं. सावली व्हायचं तर आधी शॅडो एनर्जी भरायची, तीही थोड्या वेळापुरती. ग्राफिक्सचं कौतुक सगळ्यांनी केलं, करायलाच हवं होतं. पण जुने खेळाडू नाराज झाले. नावात शॅडो आणि सावलीच पाहुणी? त्यात नेट हवंच. हत्यारं कार्डांच्या पाकिटातून निघणार, म्हणजे नशिबाचा खेळ. लेव्हल कमी असली की समोर 'इम्पॉसिबल' लिहून येणार, मग त्याच त्याच लढती मारत बसा. कथासुद्धा हप्त्याहप्त्यानं आली.

माझं मात्र दुखणं वेगळं होतं. लढतींवरची ती पाच एनर्जीची अट तिसऱ्या भागात काढून टाकली. आम्हाला हेच तर हवं होतं! मनसोक्त खेळलो. दादा खाटेवर, मी जिन्यात. तासभर कुणी कुणाशी बोललं नाही.

सुरतला परत जायच्या आदल्या रात्री दादानं माझ्या फोनवर दुसरा भाग टाकला. जुना गेम सेव्ह नव्हता, सगळं पहिल्यापासून. बुचर खूप लांब, आधी लिंक्सला पाडायचं होतं. एनर्जी पाच.

"तीन माझ्या," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "आता फोन माझा आहे."

बराच वाद झाला. शेवटी तीन त्यानंच घेतल्या.

तुमच्याकडे वाटणी कशी व्हायची? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.