पिल्लं देणारे मासे आणि वर्ध्याचं पाणी



वर्धा जिल्ह्यात गप्पी मासा कधीच न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. आरोग्य केंद्राच्या आवारात सिमेंटचं टाकं असतं, त्यात पेराएवढ्या करड्या मासोळ्या वळवळत असतात, आणि पावसाळा आला की आरोग्य सेवक त्या डब्यातून नेऊन गावातल्या विहिरींत, टाक्यांत, तुंबलेल्या नाल्यांत सोडतात. डासांच्या अळ्या खाणं हे त्यांचं काम. आपल्या भागात हत्तीरोगाचं दुखणं जुनं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भास्कर हरिनाथ यांनी त्याच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं, ते उगाच नव्हे. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, आणि गप्पीला घाण पाण्याचं वावडं नाही. 1928 साली इटलीतून भारतात आणलेला गॅम्बुसिया हाही अळीखाऊच, पण त्याला पाणी जरा स्वच्छ लागतं. नालीच्या कामाला गप्पीच बरा.

आज मला बोलायचंय ते या सरकारी मासोळीच्या नात्यागोत्यातल्या, काचेच्या टाकीत हौसेनं पाळायच्या माशांबद्दल. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल तुम्ही दुकानात पाहिले असतील. त्यांच्या पलीकडे एंडलर आहे, लिमिया आहे, हेटरँड्रिया आहे. ही नावं आपल्याकडच्या दुकानदारालाही फारशी ठाऊक नसतात.

आपले रोहू, कटला, मरळ अंडी घालतात. या मंडळींचं तसं नाही. नराचा पोटाखालचा पर बदलून नळीसारखा होतो, फलन मादीच्या पोटातच होतं आणि महिन्याभरात पोहती पिल्लं बाहेर पडतात. एका खेपेला वीस-तीस, कधी पन्नासच्या वर. शिवाय मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातून आणलेली एकटी मादी नर नसताना पुन्हा पुन्हा पिल्लं देते, आणि घरातली पोरं चमत्कार झाल्यासारखी टाकीला चिकटतात.

म्हणूनच या माशांच्या बाबतीत 'माझ्याकडे ब्रीडिंग झालं' असं कुणी अभिमानानं सांगितलं की मला हसू येतं. ते होणारच होतं. तुमचं कसब लागतं ते दोन वर्षांनी टाकीत जे पोहतंय ते मूळ जातीचंच राहिलंय का, यात.

एंडलरचं उदाहरण घ्या. व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळ लागुना दे पातोस नावाचं तळं आहे. 1937 साली फ्रँकलिन बाँड यांनी तिथून हा मासा गोळा केला होता, पण नमुने संग्रहालयात पडून राहिले. 1975मध्ये जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाला तो त्याच तळ्यात पुन्हा सापडला. शेजारी शहराचा कचरा पडत होता, तळ्याचं भवितव्य दिसतच होतं. एंडलरनं आणलेले मासे हौशी लोकांच्या टाक्यांतून जगभर पसरले. जातीला शास्त्रीय नाव मात्र 2005 साली मिळालं : पोइसिलिया विंगेई. हे नाव डेन्मार्कचे ओयविंड विंगे यांच्यावरून आहे. गप्पीच्या नरावरचे काही ठिपके बापाकडून फक्त मुलाकडे जातात, मुलीच्या अंगावर कधीच दिसत नाहीत, हे 1920च्या सुमारास श्मिट आणि विंगे या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. वाय गुणसूत्रावरून चालणाऱ्या वारशाचं ते अगदी सुरुवातीचं उदाहरण. एवढं मोठं शास्त्र पेराएवढ्या मासोळीच्या पाठीवर लिहिलेलं होतं!

एंडलरचा नर जेमतेम इंचभर. अंगावर हिरवा, नारिंगी, काळा, जणू धातूचा मुलामा दिलेला. पण गप्पीबरोबर तो सहज जमतो, आणि त्यांची पिल्लंही पुढे वाढतात. चेन्नईच्या कोलथूरहून किंवा कोलकात्याहून आलेल्या पिशवीवर 'एंडलर' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा संकर असतो. रंग छान असतो, नाही म्हणत नाही. पण जी जात सांभाळतोय असं आपण समजतो, ती ती नसते. एंडलर ठेवायचा तर त्या टाकीत गप्पी नको. जाळी आणि पाइपसुद्धा वेगळे ठेवा, कारण जाळीत अडकलेलं एक पिल्लू पुरतं.

दुसरं काम निवडीचं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की नराचा तो पर टोकदार होऊ लागतो. त्याच सुमारास नर आणि माद्या वेगळ्या करायच्या. एकदा मादीनं बीज साठवलं की पुढचे कित्येक महिने तिच्या पिल्लांचा बाप कोण हे तुमच्या हातात राहत नाही. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून हायड्रिलाचा दाट झुबका ठेवा. ओढ्यातून आणलात तर आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन घ्या, नाहीतर गोगलगाई आणि चतुराच्या अळ्या बिनबोलावता येतात. खायला आर्टेमिया या बारीक जलजीवाची ताजी पिल्लं सगळ्यात चांगली; मिठाच्या पाण्यात हवा सोडली की दीड दिवसात अंडी फुटतात. डासांच्या अळ्या फुकट मिळतात, फक्त त्यांचं भांडं झाकून ठेवा, नाहीतर मासे पाळता पाळता गावाला डास पुरवाल.

अमेरिकेच्या आग्नेय भागातला हेटरँड्रिया फॉर्मोसा हा मला सगळ्यांत आवडता. मादी सव्वा इंचाची, नर त्याहून लहान. हिच्या पोटात एकाच वेळी वेगवेगळ्या वयाचे गर्भ असतात. त्यामुळे ती एकदम झुंड देत नाही, थोडी थोडी पिल्लं देत राहते. फूटभराच्या टाकीतही नांदते. दुकानदार ती आणत नाहीत, कारण काउंटरवरून ती दिसतच नाही.

आता वर्ध्याबद्दल. आपल्याकडे काळा बेसाल्ट, त्यातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तेच ते. टेट्रा आणि डिस्कस पाळणारे या पाण्याला कंटाळतात. आपल्या माशांना मात्र हेच पाणी मानवतं. मॉली, लिमिया, एंडलर यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं पाणी हवंच असतं. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते आधी हवा सोडून ठेवायचं. नगरपालिकेच्या नळाचं असेल तर क्लोरीन उडून जाऊ द्यायचा.

खरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना टाकी छताजवळच्या कपाटावर ठेवणं म्हणजे मासे शिजवणं. टाकी जमिनीलगत, उत्तरेच्या खोलीत हवी. पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा लावा. कोरड्या हवेत बाष्पीभवनानं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, आपल्या कूलरचं तत्त्व तेच. मात्र उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतत राहिलात तर जूनपर्यंत पाणी भलतंच जड होतं. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्यानं करा. आणि वीज गेली की चालणारा बॅटरीचा एअरपंप घेऊन ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात दुपारी वीज गेली तर तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

याच कारणानं मेक्सिकोच्या पठारावरचे गुडिड मासे मी वर्ध्यात पाळायचा सल्ला देणार नाही. तिथल्या झऱ्यांचं पाणी थंड, आणि आपल्याकडे चिलरशिवाय ते मे काढणार नाहीत. तरी त्यांची हकीकत सांगतो. गुडिडची पिल्लं आईच्या पोटात फितीसारख्या तंतूंनी पोषण घेतात, जन्मल्यावरही हे तंतू काही काळ पोटाखाली लोंबताना दिसतात. यांतला झूगोनेटिकस टकीला हा मासा तेउचित्लान नदीच्या झऱ्यांतून नाहीसा झाला. 1998 साली इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाकडून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठात पोहोचल्या. नेणारा माणूस मासे पाळणारा हौशी इंग्रज होता. त्या दहा माशांपासून वाढवलेली वसाहत पुढे आधी कृत्रिम तळ्यांत आणि मग नदीत सोडण्यात आली. नदीनं गमावलेली जात टाक्यांनी राखली होती.

हे ऐकून कुणी जास्तीची पिल्लं धाम नदीत किंवा बोर धरणात सोडण्याचा विचार करू नये. तो मासा परतला तो स्वतःच्या घरी. आपले एंडलर आणि मॉली इथले नव्हेत. एकदा रुजले की इथल्या लहान मासोळ्यांची अंडी आणि पिल्लं खातात, आणि अळ्या खाणारे देशी मासे आपल्याकडेही आहेतच. गप्पी कुठे सोडायचा ते आरोग्य विभागाला ठरवू द्या. जास्तीची पिल्लं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, दुकानदाराला द्या, आणि कुणीच घेत नसेल तर नर-माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवून वाढ थांबवा.

कुणाला सुरुवात करायची असेल तर उन्हाळ्यात करू नका. पोळा झाला की टाकी मांडा, महिनाभर ती नुसती पाण्यावर आणि वनस्पतींवर चालू द्या, मग मासे आणा. म्हणजे पहिली दोन-तीन बाळंतपणं थंडीच्या आत उरकतात. वर्ध्याची थंडी मोठी नसते, पण डिसेंबरच्या पहाटे हीटर लागतो, तेवढी तयारी ठेवा.