पडणं, उठणं आणि थांबणं : मार्क मार्केझची वाटचाल
(मंडळाच्या मासिक व्याख्यानात जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण अहिल्याबाईंवर ऐकलं, कुमारजींच्या गाण्यावर ऐकलं, होळकरांच्या क्रिकेट संघावर आणि कर्नल सी. के. नायडूंवर तर कितीदा तरी ऐकलं. मोटारसायकलच्या शर्यतीवर बहुधा पहिल्यांदाच कोणी बोलतंय. माझं अर्धं आयुष्य पीथमपूरच्या एका कारखान्यात दुचाक्या तपासण्यात गेलं. त्यामुळे गाडी कशी पळते यापेक्षा ती कशी मोडते, हे मला जास्त ठाऊक आहे. आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याच्या आयुष्यातही पळणं आणि मोडणं ही दोन्ही प्रकरणं भरपूर आहेत. त्याचं नाव मार्क मार्केझ. गेल्या सप्टेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो नवव्यांदा जगज्जेता झाला. आठव्या आणि नवव्या विजेतेपदाच्या मध्ये सहा वर्षं गेली. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्या सहा वर्षांबद्दल आहे. पण त्याआधी सुरुवात सांगायला हवी.

स्पेनमध्ये कॅटालोनिया नावाचा प्रांत आहे. बार्सिलोना त्यातलंच. तिथून आत गेलं की सर्वेरा नावाचं एक लहानसं गाव लागतं. वस्ती दहा हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कॉलनीएवढी. तिथे १७ फेब्रुवारी १९९३ रोजी मार्कचा जन्म झाला. वडील खोदकामाची यंत्रं चालवायचे, आई एका वाहतूक कंपनीत कारकुनी करायची. घरात पैशांची चैन नव्हती. पण शनिवार-रविवारी दोघंही गावच्या मोटार क्लबात हौसेनं राबायचे आणि पोरं तिथेच आसपास खेळायची. चार वर्षांच्या मार्कनं नाताळची भेट म्हणून मोटारसायकल मागितली आणि ती त्याला मिळाली. तीन वर्षांनी धाकटा असलेला भाऊ आलेक्स, तोही त्याच वाटेनं गेला.

इथे आईबापांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या घरानं मुलाला गाडी दिली खरी, पण रस्त्यावर नाही दिली. बंदिस्त मैदान, अंगावर पूर्ण संरक्षक कपडे, डोक्याला हेल्मेट आणि शेजारी उभे असलेले वडील. पुढे मुलगा करोडपती झाला तरी वडील शर्यतीच्या दिवशी संघाच्या गाळ्यात उभे असलेले दिसतात. हौस मुलाची होती, पण राखण घरच्यांची होती.

या खेळात शाळेसारख्या इयत्ता असतात. मार्क शिकत होता तेव्हा खालचा वर्ग १२५ सीसीचा, मधला मोटो-टू आणि सगळ्यात वरचा मोटोजीपी. वरच्या वर्गातली गाडी १००० सीसीची, वजन दीडशे किलोच्या जरा वर आणि वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे. जागतिक शर्यतीत मार्क पहिल्यांदा उतरला तो एप्रिल २००८ मध्ये, पोर्तुगालमधल्या इस्तोरिलला. वय १५ वर्षं आणि काही दिवस. अंगानं इतका किरकोळ, की नियमात बसायला त्याच्या गाडीला वजनं बांधावी लागत. त्याचा पाठीराखा होता एमिलिओ आल्झामोरा, १९९९ चा १२५ सीसी जगज्जेता. गंमत म्हणजे हा आल्झामोरा त्या वर्षी एकही शर्यत न जिंकता, नुसत्या सातत्यावर विजेता झाला होता. शिष्याचा स्वभाव नेमका उलटा निघाला. जिंकायचं, नाहीतर पडायचं.

२०१० मध्ये मार्कनं १२५ सीसीचं विजेतेपद घेतलं. पुढच्याच वर्षी मोटो-टूमध्ये गेला आणि तिथेही विजेतेपदाच्या दारात पोचला. ऑक्टोबर २०११ मध्ये मलेशियात सेपांगला सरावाच्या वेळी ट्रॅकचा एक भाग ओला होता, त्यावर तो जोरात पडला. हाडं वाचली, पण डोळ्याला त्रास झाला. डोळा फिरवणाऱ्या स्नायूच्या नसेला मार लागल्यानं एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. विचार करा, ताशी अडीचशेच्या वेगात समोर वळण येतंय आणि वळणं दिसताहेत दोन. त्या वर्षाचं विजेतेपद गेलं. जानेवारी २०१२ मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मग वाट पाहणं आलं. पण नव्या हंगामाची पहिलीच शर्यत त्यानं जिंकली, त्या वर्षी विजेताही झाला. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, दंडामुळे त्याला अगदी मागून, ३३ व्या जागेवरून निघावं लागलं. तिथून सगळ्यांना मागे टाकत तो पहिला आला.

२०१३ मध्ये होंडाच्या मुख्य संघातून तो मोटोजीपीत आला. दुसऱ्याच शर्यतीत, अमेरिकेत ऑस्टिनला, पहिला. वर्षाअखेर जगज्जेता. वय २० वर्षं २६६ दिवस. वरच्या वर्गात इतक्या लहान वयात कोणी विजेता झालेला नव्हता. पहिल्याच वर्षी विजेतेपद घेणारा त्याच्या आधीचा माणूस म्हणजे १९७८ चा अमेरिकन केनी रॉबर्ट्स. २०१४ मध्ये हंगामाच्या पहिल्या दहाही शर्यती मार्कनं जिंकल्या. मग २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ अशी चार वर्षं सलग विजेतेपद.

आता कारखान्यातल्या माणसानं थोडं यंत्राबद्दल बोलायलाच हवं. वळणावर ही मुलं गाडी साठ अंशांहून जास्त कलवतात. गुडघा जमिनीला घासतो, कोपर घासतं. टायर जमिनीला धरून असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. पुढचं चाक घसरलं की सर्वसाधारण स्वार पडतोच. मार्क मात्र गुडघा आणि कोपर जमिनीवर दाबून घसरणारी गाडी पुन्हा उभी करायचा. हे कसब मातीच्या ट्रॅकवरच्या सरावातून आलं. मातीवर गाडी सतत घसरतच असते, त्यामुळे घसरण्याची भीती मोडते. पण याचीही किंमत आहे. २०१७ मध्ये सराव आणि शर्यती मिळून तो २७ वेळा पडला आणि तरीही विजेता झाला. सरावात पडून हद्द शोधायची आणि शर्यतीत त्या हद्दीच्या अलीकडे राहायचं, हे त्याचं गणित होतं. तरुण शरीर हा खर्च निमूटपणे भरत होतं. आमच्या कारखान्यात म्हणायचे, धातू पहिल्या घावाला तुटत नाही, तो घाव मोजत असतो.

१९ जुलै २०२०, स्पेनमधलं हेरेझ. टाळेबंदीनंतरची पहिली शर्यत. सुरुवातीलाच मार्क ट्रॅकबाहेर रेतीत गेला आणि सोळाव्या जागेवर घसरला. तिथून एकेकाला गाठत तो तिसऱ्या जागेवर आला. तिसरा क्रमांकही उत्तम होता, गुण मिळाले असते. पण दुसरा समोर दिसत होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना तो उडाला आणि त्याच गाडीचं चाक त्याच्या उजव्या दंडावर आदळलं. दंडाचं हाड मोडलं.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. आणि त्याच आठवड्यात शनिवारी हा गडी पुन्हा गाडीवर! डॉक्टरांची परवानगी होती, संघाची होती, चाहते टाळ्या वाजवत होते. सरावात थोडं चालवून पाहिलं, हाताला जोर येईना, मग शर्यत सोडली. आठवडाभरानं घरी एक मोठी सरकती खिडकी उघडताना ती पट्टी तुटली. लोकांना वाटलं, खिडकीनं तुटली. ज्यांनी यंत्रं पाहिली आहेत त्यांना कळेल, ती आधीच थकलेली होती, खिडकी फक्त निमित्त झाली.

दुसरी शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये. हाड जुळेना. डिसेंबरात तिसरी. हाडात संसर्ग झालेला निघाला, कमरेचं हाड काढून दंडाला जोडावं लागलं. सबंध हंगाम गेला. एप्रिल २०२१ मध्ये तो परतला, सातवा आला आणि गाळ्यात येऊन रडला. जूनमध्ये जर्मनीत झाक्सेनरिंगला तो जिंकला, ५८१ दिवसांनी. तो ट्रॅक त्याचा लाडका. तिथे डावी वळणं दहा आणि उजवी तीनच. म्हणजे दुखऱ्या उजव्या हाताला तिथे विसावा होता. हेच त्या विजयामागचं सत्य. बाकीच्या ट्रॅकवर हात साथ देत नव्हता. शिवाय पडण्यामुळे दोन-दोन दिसण्याचा त्रास २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ मध्ये पुन्हा उलटला.

जून २०२२ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलं होतं, पण तीस अंशांहून जास्त फिरून वाकडं जुळलं होतं. डॉक्टरांनी ते मुद्दाम कापलं, सरळ फिरवलं आणि पुन्हा जोडलं. एकदा घाईनं बिघडलेलं काम नीट करायला ते आधी पूर्ण मोडावं लागलं. घाटातल्या पाट्यांवर आपण वाचतो ना, ‘अति घाई संकटात नेई’? त्या चार शब्दांवर दोन वर्षं आणि चार शस्त्रक्रिया गेल्या. इतक्या लवकर परतणं ही चूक होती, हे मार्कनं पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं आहे.

हात सुधारला, तर आता गाडी साथ देईना. होंडा मागे पडली होती. २०२३ मध्ये त्याच लाडक्या झाक्सेनरिंगला तो एका शनिवार-रविवारात पाच वेळा पडला आणि मुख्य शर्यतीत उतरलाच नाही. त्या वर्षी एकूण २९ वेळा पडला. २०१७ च्या २७ पडण्यांमागे विजेतेपद होतं, या २९ मागे काही नव्हतं. त्याच सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. शनिवारच्या छोट्या शर्यतीत मार्क तिसरा आला. रविवारी पडला, उठला आणि नववा आला.

मग त्यानं जो निर्णय घेतला तो मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटतो. होंडाशी करार अजून एक वर्षाचा होता आणि मानधन गलेलठ्ठ. तो करार त्यानं सोडला आणि ग्रेसिनी नावाच्या एका खासगी संघात गेला. तिथे डुकाटीची गाडी मिळणार होती, तीही आदल्या वर्षीची जुनी. धाकटा भाऊ आलेक्स त्या संघात आधीपासून होता. सहा वेळा मोटोजीपी जिंकलेला माणूस धाकट्या भावाच्या संघात जुनी गाडी घेऊन नव्यानं शिकायला बसला. आपल्याकडे वरच्या हुद्द्यावरचा माणूस खालच्या खुर्चीवर बसायला तयार होतो का? चारचौघं काय म्हणतील, यातच आपली निम्मी वर्षं जातात. त्याला फक्त एकच प्रश्न सोडवायचा होता : मी संपलोय की गाडी?

१ सप्टेंबर २०२४ रोजी आरागोनला उत्तर मिळालं. १०४३ दिवसांनी पहिला विजय. २०२५ मध्ये डुकाटीच्या मुख्य संघात जागा मिळाली. त्या हंगामात त्यानं ११ मुख्य शर्यती आणि १४ छोट्या शर्यती जिंकल्या. २८ सप्टेंबरला जपानमध्ये मोटेगीला तो दुसरा आला. तेवढं पुरेसं होतं, पाच टप्पे शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित झालं. हेरेझला दुसऱ्या क्रमांकाच्या मागे धावताना ज्यानं हात गमावला, तो मोटेगीला दुसऱ्या क्रमांकावर राहून जिंकला. गुणतक्त्यात त्याच्याखाली त्या वर्षी कोण होतं? भाऊ आलेक्स. सर्वेरातल्या त्या एका घरात जगातला पहिला आणि दुसरा!

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्याच रविवारी, इंडोनेशियात, पहिल्याच फेरीत मागून दुसऱ्या गाडीचा धक्का बसला आणि मार्क रेतीत गेला. पुन्हा उजवाच खांदा. आणि या वेळी तो थांबला. उरलेल्या चारही टप्प्यांत उतरला नाही. कोणी म्हणेल, विजेतेपद खिशात होतं, थांबणं सोपं होतं. खरं आहे. पण २०२० मध्येही हातात सलग चार वर्षांची विजेतेपदं होती, आणि तेव्हा तो चार दिवस थांबू शकला नव्हता.

शेवटी दोन गोष्टी. तरुण मित्रांनो, रात्री सुपर कॉरिडॉरवर गाड्या पळवणं म्हणजे हा खेळ नव्हे. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, गाय नसते, खांब नसतो, पडल्यावर घसरायला रेती असते, अंगावरच्या पोशाखात हवेची पिशवी फुगते आणि मिनिटाभरात डॉक्टर पोचतात. एवढं सगळं असूनही त्याचा हात असा मोडला. आपल्या पीथमपूरजवळ नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे. वेगाची ओढ असेल तर त्या दारातून आत जाण्याची विद्या मिळवा. अभियंता म्हणून जा, चाचणीस्वार म्हणून जा.

आणि आईबापांनो, मुलानं वेगळी वाट धरली तर लगेच ‘आधी डिग्री घे’ म्हणून हात झटकू नका, आणि कौतुकात सगळं सोडूनही देऊ नका. सर्वेराच्या त्या साध्या घरानं जे केलं ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे : सुरक्षित जागा शोधणं, सुट्टीचा दिवस त्यासाठी देणं आणि मूल पडलं की त्याला उठवणं. मात्र ते उठलं की लगेच धावायला लावायचं नाही, एवढं शहाणपण आपण आपल्याकडे ठेवावं. परीक्षेत पडलेल्या, नोकरी गेलेल्या, आजारातून उठलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.